दाशी, उदोन आणि रामेन : जपानी शेवयांच्या साराचा इतिहास

जपानमध्ये ‘काके उदोन’ नावाचा एक अगदी साधा पदार्थ आहे. गव्हाच्या जाड शेवया उकडून वाडग्यात घ्यायच्या, त्यांवर गरम, निवळ सार ओतायचे आणि वर कांद्याची पात चिरून पेरायची, एवढेच. आपल्याकडील चकोल्या, वरणफळे किंवा बडोदेकरांच्या परिचयाची दाळ-ढोकळी यांच्याच कुळातला हा पदार्थ म्हणता येईल. फरक इतकाच की आपण पीठ डाळीत शिजवतो, तर जपानी गृहिणी ते स्वतंत्र शिजवून सारात सोडते.

या वाडग्यात वस्तू मोजून चार : गव्हाचे पीठ, एक समुद्री वनस्पती, एक सुकवलेला मासा आणि सोयाबीनचा आंबवलेला रस. परंतु यांतील प्रत्येक वस्तू जपानी घरात कशी आली याचा शोध घेऊ लागलो की कोठे मठ लागतो, कोठे राजाज्ञा, कोठे जलमार्ग, तर कोठे शिधापत्रिका. माणसे काय खातात हे त्यांच्या आवडीवर ठरते अशी आपली समजूत असते. पुष्कळदा ते आधी दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते आणि आवड मागाहून तयार होते. प्रस्तुत लेखात या वाडग्याच्या निमित्ताने तेवढीच गोष्ट पाहावयाची आहे.

मठातून आलेले पीठ

पिठाच्या शेवया करण्याची कला जपानने चीनकडून घेतली. तेराव्या शतकात सुंग राजवटीच्या चीनमध्ये अध्ययनासाठी गेलेले बौद्ध भिक्षू परतताना धर्मग्रंथांबरोबर तेथील पाकविद्याही घेऊन येत. एन्नी नावाचा भिक्षू १२४१ मध्ये परतला. पाणचक्कीवर पीठ दळण्याची रीत त्याने आणली, अशी परंपरा आहे. हाकाता येथील ज्या जोतेन्जी मठाशी त्याचे नाव जोडलेले आहे, त्याच्या आवारात उदोन व सोबा यांच्या जन्मस्थानाचा स्मारकशिलालेख आज पाहावयास मिळतो. त्याच काळातील दोगेन या झेन आचार्याने १२३७ मध्ये मठाच्या आचाऱ्यासाठी एक ग्रंथ लिहिला आणि स्वयंपाक हीसुद्धा साधनाच आहे, असे त्यात प्रतिपादन केले. मठातील हे भोजन शाकाहारी होते, ही गोष्ट पुढे पाककृतीच्या वेळी आपल्या उपयोगी पडणार आहे.

‘सोबा’ म्हणजे कुट्टू. इंदूर-ग्वाल्हेरकडील मंडळींना हे उपवासाचे पीठ नवे नाही. डोंगराळ, हलक्या जमिनीत थोड्या दिवसांत येणारे हे पीक जपानात फार पूर्वीपासून होते, परंतु लोक त्याची लापशी किंवा गोळे करून खात. या पिठाच्या कापलेल्या शेवयांचा जुना लिखित उल्लेख १५७४ सालचा, किसो खोऱ्यातील जोशोजी मंदिराच्या कागदपत्रांत मिळतो. मंदिराच्या दुरुस्तीचे काम पार पडले, तेव्हाच्या नोंदींत त्या आढळतात.

मांसबंदी आणि समुद्राचे सार

चीनमधील शेवया बहुधा मांसाच्या रश्शात असत. जपानात तसे झाले नाही, याचे एक कारण राजाज्ञेत सापडते. सम्राट तेम्मू याने ६७५ मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने निषिद्ध ठरवले. पुढे अशा आज्ञा वारंवार निघाल्या. त्या काटेकोरपणे पाळल्या गेल्या असे नाही. शिकारीचे मांस खाल्ले जातच असे. तथापि पाळीव जनावरांच्या हाडामांसाचा रस्सा जपानी स्वयंपाकाचा पाया होऊ शकला नाही. ती जागा ‘दाशी’ने घेतली.

दाशी म्हणजे कोम्बू ही समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी हा सुकवलेला मासा यांचा अर्क. कोम्बू वाढते उत्तरेकडील थंड समुद्रात, प्रामुख्याने होक्काइदोच्या किनाऱ्यावर. हा त्या काळी ‘एझो’ म्हणून ओळखला जाणारा ऐनू लोकांचा मुलूख. १६७२ मध्ये कावामुरा झुइकेन याने पश्चिम किनाऱ्याने शिमोनोसेकीला वळसा घालून ओसाकापर्यंतचा जलमार्ग व्यवस्थित बसवून दिला. पुढे याच वाटेने ‘कितामाएबुने’ नावाची व्यापारी गलबते उत्तरेचे कोम्बू दक्षिणेत उतरवू लागली. तेथून ते सात्सुमा संस्थानाच्या हाती आणि सात्सुमाने १६०९ मध्ये अंकित केलेल्या र्‍युक्यू बेटांमार्गे चीनपर्यंत जाऊ लागले. र्‍युक्यू म्हणजे आजचे ओकिनावा. तेथील समुद्रात कोम्बू उगवत नाही, परंतु ओकिनावाच्या पारंपरिक स्वयंपाकाची त्यावाचून कल्पना करता येत नाही. व्यापाराची वाट जेथून गेली तेथे चव मुक्कामाला राहिली.

कात्सुओबुशी हा कात्सुओ माशाचा तुकडा. तो उकडून, धुरावर धरून, वाळवून लाकडासारखा कठीण करतात आणि रंध्यासारख्या हत्याराने त्याचे पातळ काप काढतात. धुरावर धरण्याची रीत सतराव्या शतकात कीशू व तोसा भागांतील कोळ्यांनी रूढ केली. आपल्या लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर आणि मालदीवमध्येही हाच मासा उकडून, धुरवून, वाळवून टिकवतात.

चौथी वस्तू म्हणजे सोया रस, जपानी नाव ‘शोयू’. एदोजवळील नोदा व चोशी ही गावे गडद शोयूसाठी, तर पश्चिमेकडील तात्सुनो फिक्या रंगाच्या शोयूसाठी प्रसिद्ध झाले. म्हणून आजही तोकियोकडचे सार काळसर तपकिरी आणि ओसाकाकडचे सोनेरी दिसते. दोन्हीकडची मंडळी आपलेच खरे असे मानतात. कोल्हापूरचा रस्सा आणि गोव्याचे हुमण यांच्या अभिमान्यांना हा वाद समजावून सांगण्याची गरज नाही.

एदोच्या हातगाड्या

एदो, म्हणजे आजचे तोकियो, अठराव्या शतकात जगातील फार मोठ्या नगरांपैकी एक होते. त्यात एकट्या पुरुषांची, कारागिरांची आणि सरदारांच्या पदरी राहणाऱ्यांची संख्या मोठी होती. चूल मांडण्यास सवड नसलेल्या या लोकांसाठी रात्रीच्या फिरत्या सोबा-विक्रेत्यांची प्रथा वाढली. एका वाडग्याची किंमत बराच काळ १६ मोन राहिली. ‘निहाची’ म्हणजे ‘दोन-आठ’ सोबा हे नाव दोन भाग गहू व आठ भाग कुट्टू या प्रमाणावरून पडले असे काही म्हणतात, तर काहींच्या मते ते ‘बे आठी सोळा’ या हिशेबावरून पडले.

सडलेल्या पांढऱ्या तांदळावर राहणाऱ्या एदोवासीयांना बेरीबेरीचा रोग जडे. गावी परतले की तो बरा होई, म्हणून त्याला ‘एदोची व्याधी’ असेच नाव पडले होते. तो ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो हे विसाव्या शतकात उमगले. कुट्टूत ते जीवनसत्त्व असते, म्हणजे हातगाडीवरचा तो वाडगा नकळत पथ्यही ठरत होता.

याच काळातील एक रिवाज आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात वसलेल्या घराण्यांना विशेष वाटावा. नव्या घरी राहावयास आलेले कुटुंब शेजाऱ्यांना सोबा वाटत असे. जपानीत ‘सोबा’ या उच्चाराचा दुसरा अर्थ ‘जवळ, शेजारी’ असा होतो. आम्ही आपल्या शेजारी आलो आहोत, हे सांगण्याची ही रीत होती.

चवीला नाव मिळाले

दाशीला चव कशामुळे येते, याचा उलगडा १९०८ मध्ये झाला. तोकियोच्या इंपीरियल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी कोम्बूमधून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी ‘अजिनोमोतो’ ही पूड बाजारात आली. १९१३ मध्ये कोदामा शिन्तारो यांनी कात्सुओबुशीमधील इनोसिनेट हा घटक दाखवला, तर १९५७ मध्ये कुनिनाका अकिरा यांनी शिताके अळंब्यांतील ग्वानिलेटचा शोध घेतला. ग्लुटामेटबरोबर या दोहोंपैकी एक आले की चव बेरजेपेक्षा किती तरी अधिक वाढते. म्हणजे कोम्बू व मासा किंवा कोम्बू व अळंबी या जोड्या आचाऱ्यांनी अनुभवाने बसवल्या होत्या आणि प्रयोगशाळेने त्यांचे कारण शतकांनंतर सांगितले. आपल्या षड्रसांत या चवीला वेगळे स्थान नाही, तथापि ती जिभेला अनोळखी नाही. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असते आणि टोमॅटोच्या साराची गोडी बऱ्याच अंशी त्यावरच उभी आहे.

बंदरांतून आलेले रामेन

१८५९ पासून योकोहामा, नागासाकी आदी बंदरे परकीय व्यापारास खुली झाली. युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर चिनी दलाल, कारकून, आचारी व मजूर आले आणि त्यांच्या वस्त्यांत डुकराच्या वा कोंबडीच्या रश्शातील शेवया विकल्या जाऊ लागल्या. इकडे सरकारचे धोरणही पालटले होते. २४ जानेवारी १८७२ रोजी सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ले आणि ही वार्ता जाहीर करण्यात आली. बाराशे वर्षांपूर्वी एका राजाज्ञेने जे मागे सारले होते, ते दुसऱ्या राजाने पुढे आणले.

१९१० मध्ये तोकियोच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ हे भोजनालय निघाले. त्याचे मालक ओझाकी कान्इची हे पूर्वी योकोहामाच्या जकात खात्यात नोकरीस होते. त्यांनी योकोहामाच्या चिनी वस्तीतून १२ आचारी आणले आणि चिनी शेवयांना जपानी शोयूची जोड देऊन स्वस्तात वाडगे विकले. या पदार्थास तेव्हा ‘शिना सोबा’ म्हणत. ‘शिना’ हा चीनविषयीचा शब्द पुढे युद्धकाळात तुच्छतादर्शक ठरला. युद्धानंतर तो मागे पडून ‘चूका सोबा’ आणि अखेर ‘रामेन’ हे नाव रूढ झाले. ओझाकींचे नाव इतिहासात राहिले. त्या बारा आचाऱ्यांची आठवण मात्र केवळ संख्येने केली जाते.

रामेनची शेवई उदोनहून वेगळी असते. तिच्या पिठात ‘कान्सुई’ म्हणजे सोडियम व पोटॅशियम कार्बोनेटचे पाणी घालतात. त्याने शेवई पिवळसर व चिवट होते आणि गरम रश्शात लवकर विरत नाही. आपल्या पापडखाराचा गुणही याच जातीचा.

शिधा, काळा बाजार आणि एक न्यायाधीश

१९४२ मध्ये जपानमध्ये अन्न नियंत्रण कायदा आला आणि धान्याची खरेदी व वाटप सरकारच्या हाती गेले. १९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा कोरिया व तैवान येथून येणारा तांदूळ बंद झाला होता. त्या वर्षीचे पीक अत्यंत वाईट आले आणि परमुलखातून साठ लाखांहून अधिक सैनिक व नागरिक परत येऊ लागले. माणशी रोजचा शिधा सुमारे ३०० ग्रॅम ठरलेला होता, परंतु तोही वेळेवर मिळत नसे. जगावयाचे तर काळ्या बाजाराकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि तसे करणे गुन्हा होता.

यामागुची योशितादा हे तोकियोतील तरुण न्यायाधीश याच कायद्याखालील खटले चालवीत. आपण ज्यांना शिक्षा देतो, त्यांच्याच वाटेने आपण अन्न आणणे उचित नव्हे, असे ठरवून त्यांनी केवळ शिध्यावर राहण्याचा निश्चय केला. त्यातलाही मोठा वाटा ते मुलांना देत. ११ ऑक्टोबर १९४७ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी, कुपोषणाने त्यांचे निधन झाले. ज्यांनी आयुष्यभर शासनाचे नियम राबवले, त्यांना ही हकीकत अस्वस्थ केल्याशिवाय राहणार नाही. नियम अयोग्य होता असे म्हणवत नाही, कारण तुटपुंज्या धान्याचे समान वाटप तरी दुसरे कसे व्हावे? आणि नियम पाळणारा मनुष्य जगत नाही, हेही दृष्टीआड करता येत नाही.

रामेनची भरभराट याच काळ्या बाजारात झाली. जुलै १९४७ मध्ये भोजनालयांवर बंदीचा हुकूम निघाला होता. तरी अमेरिकेकडून आलेल्या गव्हाच्या पिठाचा काही भाग गिरण्यांतून परस्पर बाहेर पडे आणि हातगाड्यांवर पोहोचे. चीन व मांचुरियातून परतलेल्यांपैकी अनेकांनी हाच धंदा धरला. मांस, चरबी, खारट रस्सा आणि गरम शेवया यांनी उपाशी पोटाला आधार मिळे. आज ज्या रामेनसाठी लोक रांगा लावतात, त्याची लोकप्रियता अशी बेकायदेशीर गाड्यांवर वाढली. विक्रेते पकडले जात, सुटत आणि पुन्हा गाडी लावीत.

अमेरिकी गहू आणि १९५८ चा शोध

१० जुलै १९५४ रोजी अमेरिकेत ‘पी. एल. ४८०’ हा कायदा झाला. तेथील शिलकी धान्य मित्रराष्ट्रांना सवलतीने देण्याची ती योजना होती. जपानात त्याच वर्षी शालेय भोजनाचा कायदा होऊन मुलांच्या ताटात पाव स्थिरावला. १९५६ पासून ओरेगनच्या गहू उत्पादक संघाच्या पैशाने फिरत्या स्वयंपाकगाड्या गावोगाव जाऊन गव्हाच्या पदार्थांची प्रात्यक्षिके देऊ लागल्या.

त्याच कायद्याखाली ऑगस्ट १९५६ मध्ये भारताशीही करार झाला. रेशनच्या दुकानातील तो तांबडा गहू आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या कित्येक घरांत रोजची पोळी रुळली, त्यास रेशनच्या गव्हाचाही हातभार लागला. जपानात जे तांदळाचे झाले, त्याची थोडी ओळख आपल्यालाही आहे.

आन्दो मोमोफुकु यांचा जन्म १९१० मध्ये, जपानी अंमलाखालील तैवानात झाला. युद्धानंतर त्यांना तुरुंगवास घडला आणि १९५७ मध्ये ते प्रमुख असलेली पतसंस्था बुडाल्याने होते नव्हते ते गेले. गहू खावयाचा तर पावच का, पूर्वेकडच्या लोकांच्या शेवया का नव्हेत, हा प्रश्न त्यांनी पूर्वीच आरोग्य मंत्रालयाच्या एका अधिकाऱ्यास विचारला होता, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. ओसाकाजवळील इकेदा गावी, घरामागच्या खोपटात त्यांनी शेवया तेलात तळून कोरड्या करण्याची युक्ती साधली. तळताना पाण्याची वाफ होऊन शेवईत सूक्ष्म छिद्रे पडतात आणि नंतर गरम पाणी त्यांतून शिरून ती मऊ होते. २५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’ बाजारात आले. किंमत ३५ येन. ताज्या उदोनचा पुडा तेव्हा ६ येनला मिळे, म्हणजे आरंभी ही वस्तू स्वस्त नव्हतीच. १९७१ मध्ये पेल्यातील शेवया निघाल्या. १९८३ पासून आपल्या घरांत शिरलेल्या ‘मॅगी’चे मूळ याच खोपटात आहे.

घरी करावयाचा साधा वाडगा

आता मूळ काके उदोनकडे वळू. पुढील प्रमाण चार माणसांसाठी आहे. ४०० ग्रॅम मैदा घ्यावा. १८० मिलिलिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवून ते हळूहळू मैद्यात मिसळावे. पीठ घट्टच राहिले पाहिजे. जपानी घरांत ते स्वच्छ पिशवीत घालून पायाने तुडवतात; आपल्याकडे तळहाताने जोर देऊन दहा मिनिटे मळले तरी चालेल. दोन तास झाकून ठेवावे. मग तीन-चार मिलिमीटर जाड पोळी लाटून, पीठ भुरभुरून, घडी घालून सुरीने तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. भरपूर उकळत्या पाण्यात, मीठ न घालता, दहा-बारा मिनिटे उकडाव्यात. पिठातील बरेचसे मीठ पाण्यात उतरते. नंतर गार पाण्यात चोळून धुणे आवश्यक, नाही तर वरचा स्टार्च साराला गढूळ करतो.

सारासाठी दीड लिटर पाण्यात १५ ग्रॅम कोम्बू अर्धा तास भिजवावे. मंद आचेवर तापवून उकळी फुटण्याच्या बेतात असताना ते काढून घ्यावे. उकळले तर सार बुळबुळीत व उग्र होते. मग आच बंद करून ३० ग्रॅम कात्सुओबुशीचे काप घालावेत आणि दोन मिनिटांनी न पिळता गाळावेत. शाकाहारी घरांत काप वगळून १५ ग्रॅम कोम्बू व २० ग्रॅम सुकी शिताके अळंबी रात्रभर गार पाण्यात भिजवावीत. मठांतील रीत हीच होती आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. साराला चार टेबलचमचे शोयू, दीड चमचा साखर व चवीपुरते मीठ लावून गरम करावे. शेवया क्षणभर गरम पाण्यात बुडवून वाडग्यात घ्याव्यात, वर सार ओतावे आणि कांद्याची पात पेरावी. कोम्बू व शोयू शहरांतील मोठ्या दुकानांत मिळतात. कोम्बूमध्ये आयोडीन फार असते, म्हणून थायरॉइडचा विकार असणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

असो. या वाडग्यातील ‘अस्सल जपानी’ नेमके कोणते, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर देणे अवघड आहे. शेवयांची रीत चीनची, कोम्बू ऐनूंच्या किनाऱ्याचे, आणि आज वापरला जाणारा गहू बहुतांशी अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियाचा. पण तो वाडगा जपानीच आहे, याविषयी कोणाच्या मनात शंका येत नाही. अनेक पिढ्यांनी तो रोज रांधला, विकला, शेजाऱ्यांना दिला, आणि वाईट दिवसांत त्याच्या आधाराने तग धरला, म्हणून तो त्यांचा झाला. परमुलखात राहून आपल्या स्वयंपाकघरात तिकडचे पीठ आणि इकडची फोडणी एकत्र नांदवणाऱ्या आपल्या घरांना यात नवे काही नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी काय, कोठून आणि कोणत्या अडचणीत उचलले, याची नोंद मात्र आपण फारशी केलेली नाही. ज्यांना ते ठाऊक आहे, अशी माणसे अजून घरांत आहेत; त्यांच्याकडून ते लिहून घ्यावयास हवे.